लायब्ररी तयार आहे, पण सांभाळतं कोण?
एकांनी म्हटलंय की तयार लायब्ररी (म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्राममध्ये थेट वापरता येणारा कोड) असताना स्वतः कोड लिहीत बसणं म्हणजे वेळेचा अपव्यय. मान्य, एन्क्रिप्शनच्या (माहिती कुलूपबंद करणाऱ्या सांकेतिक लेखनाच्या) बाबतीत तर शंभर टक्के. पण ती लायब्ररी सांभाळतं कोण, हे सहसा कुणी विचारत नाही.

२०१६ चं लेफ्ट-पॅड आठवतंय? ११ ओळींचा कोड, काम काय तर मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणं. लेखकाने तो एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या तयार लायब्रऱ्यांच्या ऑनलाइन कोठारातून) काढला आणि त्यावर विसंबलेल्या जगभरातल्या प्रकल्पांची बिल्ड्स, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर तयार करायची प्रक्रिया, धडाधड पडली. त्यावर निदान हसता तरी आलं. २०२४ चं एक्सझेड प्रकरण मात्र अंगावर काटा आणणारं. फाइली कॉम्प्रेस करणारी ही लायब्ररी जवळपास एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. 'जिया टॅन' नावाने कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) पाठवले, विश्वास कमावला आणि ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून! ना कुठल्या ऑडिटने, ना सर्टिफिकेटने.

आमच्याकडे स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरलेल्या छोट्या टप्प्यात) नव्या फीचरला पॉइंट मिळतात, डिपेन्डन्सी, म्हणजे आपण ज्यांवर विसंबतो त्या लायब्रऱ्या, तपासायला भोपळा. वर 'सुरक्षा तपासणारा स्कॅनर हिरवा आहे ना, मग झालं' हे ऐकायचं. अहो, तो मुख्यतः आधीच माहीत असलेल्या सुरक्षेतल्या भोकांची यादी ताडून बघतो. निदान लॉकफाइलमधला (कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती वापरायची याची नोंद असलेल्या फाइलमधला) बदल कोडच्या रिव्ह्यूत कुणीतरी उघडून बघा, आणि ज्या प्रकल्पाच्या जिवावर धंदा चालतो त्याला कंपनीकडून चार पैसे मिळतील असं बघा.