हॅमबर्गरची पॅटी आतून गुलाबी चालेल का?

अर्धकच्चा

बीफच्या खिम्याची पॅटी, 170 ग्रॅम, व्यास 11 सेंमी, जाडी पावणेदोन सेंमीच्या आसपास. चरबी 10 टक्के. बिडाचा तवा, मोठी आच, एका बाजूने चार मिनिटं आणि उलटून चार मिनिटं. मध्यभागी 71 अंश सेल्सिअस येईपर्यंत कडा वातड होतात आणि ताटलीत रसाचं तळं साचतं. 57-58 ला उतरवली तर पोत आणि चव दोन्ही झकास. पण खिमा असा खाऊ नये, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. स्टेक तर याच तापमानाला बिनधास्त खातात, मग खिम्यालाच वेगळा न्याय का? आणि कापून रंग पाहिला तर पुरेसं होतं का? थर्मामीटर आहे, तबकडीवाला.

सूक्ष्मदर्शी

न्याय वेगळा, कारण खिम्याला आत-बाहेर असं काही उरतच नाही. जनावर कापताना कातड्यावरचे किंवा आतड्यातले जीवाणू मांसाला लागतात ते वरच्या पृष्ठभागावर. अखंड स्टेकला तव्याचा चटका बसला की ते मरतात, आतला भाग बहुतेक स्वच्छच असतो. यंत्रातून काढला की तोच पृष्ठभाग चुरा होऊन सगळ्या गोळ्यात पसरतो. शिवाय कारखान्यातल्या खिम्याच्या एका घाण्यात अनेक जनावरांचं मांस एकत्र येतं, म्हणजे एकाच दूषित तुकड्याने सगळा घाणा बाटतो. सुया टोचून मऊ केलेल्या स्टेकचंही हेच दुखणं, वरचं आत ढकललं जातं.

खरी भीती ई. कोलाय ओ157:एच7 या जीवाणूची. 1982 साली अमेरिकेत ओरेगन आणि मिशिगनमध्ये लोक आजारी पडले तेव्हा तो पहिल्यांदा माणसाच्या आजाराशी जोडला गेला, आणि तेही हॅमबर्गरमुळेच. 1993 साली तिथल्या पश्चिमेकडच्या राज्यांत कमी शिजलेल्या हॅमबर्गरमधून 700 हून जास्त जण आजारी पडले, चार मुलं दगावली. 1994 पासून हा जीवाणू सापडलेला कच्चा खिमा तिथे कायद्याने भेसळयुक्त ठरतो. शंभरापेक्षा कमी जीवाणू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो, त्यामुळे 'मांस ताजं होतं' या म्हणण्याला काही अर्थ नाही. वासावरूनही कळत नाही. लहान मुलांमध्ये त्याचं विष रक्तपेशी फोडतं आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतं.

71 हा आकडा अमेरिकेच्या कृषी खात्याने घरगुती स्वयंपाकासाठी दिला आहे. काटा तिथे पोचला की काम झालं, घड्याळ बघायला नको, म्हणून तो सोयीचा. पण जीवाणू तापमान आणि वेळ या दोन्हींनी मिळून मरतात. तिथल्या हॉटेलांच्या नियमात 68 अंशांना 17 सेकंद चालतात. ब्रिटनमध्ये 70 अंशांना दोन मिनिटं, 65 ला दहा, 60 ला 45 मिनिटं धरतात. तुमची पॅटी 57 ला पोचते आणि लगेच बनमध्ये जाते. एवढ्याने बरेच जीवाणू जिवंत राहतात.

रंगाचं म्हणाल तर तो साफ फसवतो, आणि दोन्ही बाजूंनी. मांसाचा लाल रंग मायोग्लोबिन या प्रथिनाचा. खिमा हवेत राहून ते ऑक्सिडाइझ झालं असेल तर पॅटी 55 अंशांनाच आतून तपकिरी दिसते, पूर्ण शिजल्यासारखी. उलट हवाबंद पाकिटातला ताजा खिमा, किंवा ज्याचा पीएच जास्त, म्हणजे आम्लता कमी आहे असा, 71 च्या पुढे गेला तरी गुलाबी राहू शकतो. रस पारदर्शक झाला का, तेही बघू नका.

तबकडीवाला थर्मामीटर इथे कुचकामी. त्याची दांडी पाच-सहा सेंमी आत गेली तरच तो बरोबर वाचतो, आणि वाचतो ते सगळ्या लांबीचं सरासरी तापमान. टोकाला सेन्सर असलेला डिजिटल घ्या. पॅटी चिमट्यात उभी धरा आणि बाजूने, जाडीच्या बरोबर मधून, टोक केंद्रापर्यंत सरकवा. वरून खुपसलं तर टोक तव्याजवळ जातं आणि आकडा पाच-दहा अंश जास्त दिसतो. दोन-तीन जागी मोजा आणि सगळ्यात कमी आकडा खरा धरा. बर्फ घातलेल्या पाण्यात तो शून्य दाखवतो का, हे अधूनमधून बघत जा.

बिडाचा तवा

वरच्या प्रतिसादात तब्येतीचं सगळं आलंय, मी रसाचं सांगतो. धागाकर्ते, तुमचा दोष 71 या आकड्यात नाही, पद्धतीत आहे. मोठ्या आचेवर एकदाच उलटायचं म्हणजे मध्ये 71 येईपर्यंत बाहेरचा अर्धा सेंमी 85-90 च्या घरात गेलेला असतो. 60 अंशांच्या पुढे मांसातलं कोलॅजन, म्हणजे धागे बांधून ठेवणारं प्रथिन, आकसायला लागतं आणि ओल्या फडक्यासारखं पिळून पाणी बाहेर काढतं. ताटलीतलं तळं तेच.

दर 30 सेकंदांनी उलटा. 'एकदाच उलटायचं' हा सल्ला कुठून आला देव जाणे. सारखं उलटल्याने दोन्ही बाजू आलटूनपालटून तापतात आणि निवतात, मध्यभाग लवकर शिजतो आणि कडेचा करडा पट्टा पातळ राहतो. पहिला मिनिटभर मोठी आच, मग मध्यम. 68-69 दिसले की उतरवून जाळीवर दोन मिनिटं ठेवा आणि परत मोजा. आतली उष्णता दोन-तीन अंश चढवते. 71 आले नाहीत तर पुन्हा तव्यावर, अंदाजपंचे सोडायचं नाही.

चरबी 20 टक्के घ्या. 10 टक्क्यांची पॅटी पूर्ण शिजवली की भुसा होतो. मीठ खिम्यात मळू नका. मिठाने मांसातलं मायोसिन हे प्रथिन विरघळतं आणि चिकट जाळं तयार होतं, मग पॅटी सॉसेजसारखी रबरी लागते. थापून झाल्यावर, तव्यावर टाकायच्या आधी मिनिटभर, वरून दोन्ही बाजूंना भुरभुरवा. थापतानाही हलक्या हाताने, धागे मोकळे राहिले पाहिजेत. मध्ये अंगठ्याने खळगा करा, नाहीतर कडा आकसल्या की मध्यभाग फुगून चेंडू होतो आणि नेमका तिथेच कच्चा राहतो.

पूर्णच शिजवायची असेल तर जुनी युक्ती: अर्धा किलो खिम्याला पांढऱ्या ब्रेडचा एक स्लाइस, कडा काढून, दोन मोठे चमचे दुधात भिजवून कुस्करायचा आणि त्यात हलकेच मिसळायचा. स्टार्च पाणी धरून ठेवतं आणि प्रथिनांना एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू देत.

आणखी सोपं म्हणजे जाड पॅटीचा हट्ट सोडा. 60 ग्रॅमचा गार गोळा धूर निघेपर्यंत तापलेल्या तव्यावर टाका आणि पहिल्या 30 सेकंदांतच कालथ्याने दाबून सहा मिलिमीटरची चकती करा. चरबी अजून वितळलेली नसते, म्हणून तेव्हा दाबलं तर रस जात नाही. नंतर दाबलात तर तो चुर्रर्र आवाज रस जाण्याचा. दीड-दोन मिनिटांत खालून गडद जाळी धरते, ती पातळ कालथ्याने खरवडून उलटायची आणि पाऊण मिनिटात उतरवायची. एवढी पातळ चकती पार आतपर्यंत शिजतेच आणि सगळी चव त्या करपट-खमंग थरातून येते. असल्या दोन चकत्या एकावर एक ठेवल्या की गुलाबीपणाची आठवणही येत नाही.

कोमटपाणी

वेळ-तापमानाचा मुद्दा पुढे नेतो, कारण गुलाबी आणि सुरक्षित एकत्र हवं असेल तर रस्ता तोच आहे: सू-व्हीद, म्हणजे पिशवीत बंद करून नेमक्या तापमानाच्या पाण्यात सावकाश शिजवणं. अमेरिकी तक्त्यात बीफसाठी 62.8 अंशांना 4 मिनिटं, 60 ला 12, 54.4 ला 112 असे आकडे आहेत. ही वेळ केंद्र त्या तापमानाला पोचल्यानंतरची, पिशवी पाण्यात सोडल्यापासूनची नाही. इथेच बरेच जण घसरतात. पावणेदोन सेंमीच्या पॅटीला पाण्याचं तापमान गाठायलाच अर्धा-पाऊण तास जातो.

मी 60.5 ला दीड तास सांगेन, म्हणजे ब्रिटनची 45 मिनिटंही त्यात बसतात. 54.4 च्या वाटेला खिम्यासाठी जाऊ नका. चरबी जीवाणूंना थोडं संरक्षण देते आणि पाण्याचं तापमान एका अंशाने घसरलं तरी गणित कोसळतं.

हवा खेचणाऱ्या यंत्रात पॅटी चेपून तिची वीट होते. अर्धा तास फ्रीजरमध्ये टणक करा, मग झिपच्या पिशवीत घालून पिशवी हळूहळू पाण्यात बुडवत हवा बाहेर काढा. शिजल्यावर कागदाने ठणठणीत कोरडी करा आणि कडक तापलेल्या तव्यावर दर बाजूला 40-45 सेकंद. ओली राहिली तर तवा आधी पाणी उडवण्यातच गार होतो. एक मात्र मान्य करा, 60 चा गुलाबी रंग फिकट असतो, मिडियम-रेअर, म्हणजे अर्धवट शिजवलेल्या स्टेकसारखा लाल नव्हे.

अर्धकच्चा

तवा आणि दर 30 सेकंद, हे करून बघतो. अखंड तुकडा आणून घरी खिमा काढला तर धोका कमी होतो ना? आणि फ्रीजरमध्ये जीवाणू मरतात का?

सूक्ष्मदर्शी

फ्रीजरमध्ये मरत नाहीत, नुसते झोपतात.

घरच्या खिम्याने धोका कमी होतो, शून्य नाही. कमी करायचाच तर तुकड्याला सगळ्या बाजूंनी कडक चटका द्या, तो शिजलेला थर स्वच्छ सुरीने कापून टाका आणि आतलंच दळा. कापायला नवी सुरी, नवा पाट, धुतलेले हात. यंत्राची जाळी-पातं उकळत्या पाण्यातून काढून मग फ्रीजरमध्ये गार केलेलं असावं, म्हणजे चरबी वितळून लगदाही होत नाही. खिमा 4 अंशांखाली ठेवा आणि त्याच दिवशी वापरा. एवढं करूनही पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी जेवायला असेल तर त्यांची पॅटी 71 लाच. अमेरिकेत तर गिऱ्हाइकाला तशी सूचना देऊन कमी शिजलेला बर्गर देणाऱ्या हॉटेलांनाही तो मुलांच्या मेनूत ठेवायला मनाई आहे. चिकनच्या खिम्याला हे काहीच लागू नाही, तिथे थेट 74.

बिडाचा तवा

एक राहिलं. कच्ची पॅटी ज्या कालथ्याने तव्यावर टाकली त्यानेच शिजलेली उचलू नका, आणि कच्च्या पॅट्यांच्या ताटलीत परत ठेवू नका. थर्मामीटरचं टोकही प्रत्येक वेळी पुसा. 60 ला खुपसलेलं टोक तसंच दुसऱ्या, शिजलेल्या पॅटीत घातलं तर मोजमापच जीवाणू पोचवतं.