स्क्रब टायफसची आयजीएम पट्टी: निरोगी माणसाच्या सीरमवरही फिकट रेघ का येते?

गोदाकाठ_नांदेड
नमस्कार मंडळी. स्क्रब टायफस (चिगर माइट चावून होणारा ताप) ओळखणाऱ्या लॅटरल फ्लो पट्टीचं, म्हणजे नमुना टाकल्यावर रेघ उमटणाऱ्या पट्टीचं काम चालू आहे. ती आयजीएम, म्हणजे नव्या संसर्गात बनणारी अँटिबॉडी शोधते. टेस्ट लाइनवर ई. कोलाय जिवाणूत तयार केलेलं, स्क्रबच्या जंतूचं ५६ केडीए अँटिजन (प्रथिन) आहे, १ मिग्रॅ प्रति मिली, सेंटीमीटरला १ मायक्रोलिटर. रेघेला रंग देणाऱ्या ४० नॅनोमीटरच्या गोल्ड कणांवर अँटी-ह्यूमन आयजीएम (माणसाचं आयजीएम पकडणारी अँटिबॉडी). १० मायक्रोलिटर सीरम आणि वर तीन थेंब बफर. निरोगी माणसांच्या ३० सीरमपैकी ८ वर फिकट रेघ येते. उलट एलायझात (प्रयोगशाळेतल्या अँटिबॉडी चाचणीत) चांगले पॉझिटिव्ह असलेले काही नमुने पट्टीवर जेमतेम दिसतात. मेम्ब्रेन बदलू की ब्लॉकिंग वाढवू? पोळ्याच्या सुमारास प्राथमिक आरोग्य केंद्रांत पट्ट्या द्यायच्या आहेत.

पिपेट_लातूर
मेम्ब्रेनला इतक्यात हात लावू नका. आधी एक पट्टी नुसत्या बफरवर चालवा. तरीही रेघ आली तर गोल्ड अँटिजनला आपसूक चिकटतंय. मग कॉन्जुगेशनचा (गोल्डवर अँटिबॉडी चिकटवण्याचा) पीएच, बीएसए (ब्लॉकिंगचं प्रथिन) आणि बफरमधलं ट्वीन (डिटर्जंट) तपासा. बफरवर पट्टी कोरी राहिली आणि सीरमवरच रेघ आली, तर माझा संशय अँटिजनवर आहे. ई. कोलाय सगळ्यांच्याच आतड्यात असतो, त्यामुळे निरोगी माणसाच्या रक्तातही त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी असतात. शुद्धीकरणात त्याचं एखाद टक्का प्रथिन मागे राहिलं तरी तेवढ्यावर रेघ उमटते. तुमच्याच स्ट्रेनचा, पण रिकाम्या प्लास्मिडचा (अँटिजनचं जनुक नसलेला) लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचा अर्क करून बफरमध्ये ०.१ ते ०.५ मिग्रॅ प्रति मिली घाला. रेघ गेली की कारण सापडलं. अँटिजनला एमबीपी टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेलं प्रथिन) असेल तर तो काढाच, ते मुळात ई. कोलायचंच प्रथिन आहे.

दुसरं म्हणजे अँटिजन कुठल्या स्ट्रेनचं? ५६ केडीए प्रथिन स्ट्रेननुसार बरंच बदलतं. एकट्या कार्प स्ट्रेनवर राहू नका, काटो आणि गिलियमही मिसळा. काही नमुने मंद दिसण्याचं एक कारण हेही असू शकतं.

दख्खन_लॅब
मंद रेघेचं मोठं कारण मात्र सीरमचं प्रमाण आहे. हिशेब करून बघा. १ मायक्रोलिटर सीरममध्ये साधारण १ मायक्रोग्रॅम आयजीएम असतं, म्हणजे तुमच्या १० मध्ये १० मायक्रोग्रॅम. एका पट्टीवरच्या गोल्डला अँटिबॉडी चिकटलेली असते शंभरेक नॅनोग्रॅम. आयजीएमचा रेणू जड असतो हे धरूनसुद्धा तिथे पंधरापट आयजीएम रेणू येतात, आणि त्यातले बहुतेक स्क्रबशी संबंध नसलेले. ते वाटेतच गोल्ड अडवून ठेवतात आणि रेघेपर्यंत मोकळं गोल्ड उरतच नाही. सीरम १ ते २ मायक्रोलिटरवर आणा. नमुना कमी केल्यावर रेघ गडद झालेली दिसेल. त्याहून चांगली रचना म्हणजे आधी सीरम आणि बफर अँटिजनवरून जाऊ द्यायचं, आणि गोल्ड मागून दुसऱ्या बाजूने सोडायचं. कॅसेट महाग पडते, पण आयजीएमसाठी तो खर्च योग्यच आहे.

सॅम्पल पॅडमध्ये अँटी-ह्यूमन आयजीजीही टाका. नाहीतर जुन्या संसर्गाचं आयजीजी (दीर्घकाळ टिकणारी अँटिबॉडी) अँटिजनवर बसतं, त्यावर र्‍हुमॅटॉइड फॅक्टर (आयजीजीलाच चिकटणारी अँटिबॉडी) बसतो, आणि तो स्वतः आयजीएम असल्याने खोटी रेघ मिळते.

पिपेट_लातूर
हवेचंही सांगायचं राहिलं. मे महिन्यात आपल्याकडची दुपारची हवा इतकी कोरडी असते की मेम्ब्रेनवर स्थिर वीज साठते आणि रेघ तुटक पडते. अँटिजन टाकताना खोलीत ४० ते ६० टक्के आर्द्रता ठेवा, नंतर ३७ अंशांवर सुकवा. जोडणी आणि पाऊचबंदी मात्र ३० टक्क्यांच्या आत. वापर होणार पावसाळ्यात, तेव्हा पाऊच उघडून ठेवला की कॉन्जुगेट पॅड (वाळवलेलं गोल्ड असलेलं) ओल धरतं आणि गोल्ड नीट सुटत नाही. टिकाऊपणा ३० अंशांवर तपासून भागणार नाही. ४५ अंशांत आठ आठवडे ठेवलेल्या पट्ट्यांवर कमजोर पॉझिटिव्ह चालवून बघा, गडद नमुन्यावर बिघाड दिसत नाही. आणि वाचन १५ मिनिटांनाच. २० मिनिटांनंतर पॅड सुकून द्रव मागे फिरतो, तेव्हाची रेघ धरू नका.

दख्खन_लॅब
३० निरोगी सीरम फार कमी आहेत. २०० पैकी ४ खोटे निघाले तर विशिष्टता (रोग नसलेल्यांना निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ९८ टक्के आणि तिच्या ९५ टक्के विश्वास-अंतराची खालची मर्यादा सुमारे ९५. ५० पैकी १ निघाला तरी टक्केवारी तीच, पण खालची मर्यादा ८९ च्या आसपास घसरते. पॅनेलमध्ये डेंग्यू, लेप्टो, मलेरिया, टायफॉइडचे रुग्ण हवेतच. तापाच्या १,००० रुग्णांत स्क्रबचे ५० असतील, संवेदनशीलता (खरे रुग्ण पकडण्याचं प्रमाण) ९० आणि विशिष्टता ९५ टक्के असेल, तर ४५ खरे आणि जवळपास ४८ खोटे पॉझिटिव्ह येतील. केंद्रातल्या डॉक्टरांना हे आकडे आधीच द्या. फॉर्मवर तापाचा कितवा दिवस ते लिहून घ्या. पहिल्या पाच-सहा दिवसांत आयजीएम नसू शकतं, म्हणून निगेटिव्ह पट्टी बघून डॉक्सीसायक्लीन (स्क्रबवरचं औषध) थांबवायचं नाही. चाव्याच्या जागी काळी खपली असेल तर त्या खपलीवरून पीसीआर करा.

गोदाकाठ_नांदेड
मनापासून आभार. लायसेट उद्याच करतो. बोटातलं रक्त थेट चालेल का?

दख्खन_लॅब
चालेल, पण रक्त गाळणारं पॅड लागेल. फुटलेल्या पेशींचा लाल रंग गोल्डच्या रेघेला झाकतो. १ मायक्रोलिटर सीरमला साधारण २ मायक्रोलिटर रक्त धरा. सीरमवर ठरवलेला कट-ऑफ मात्र तसाच लावू नका. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींची टक्केवारी) ४५ असताना रक्तात प्लाझ्मा ५५ टक्के असतो, २५ वर आलं की ७५. आपल्याकडे बायकांमध्ये रक्तक्षय खूप आहे, तेव्हा कमी हिमोग्लोबिनचे नमुने वेगळे काढून तपासा.