सगळ्या सॉफ्टवेअरचे शॉर्टकट एकाच जागी बघता-बदलता येतात का?

खटपट्या:
मंडळी, डोकं उठलंय. एक्सेलमध्ये कंट्रोल+डी दाबलं की वरच्या सेलमधलं खाली भरतं, वर्डमध्ये फॉन्टची खिडकी उघडते, ब्राउझरमध्ये बुकमार्क होतो, आणि काल सवयीने फाइल एक्सप्लोररमध्ये दाबलं तर फाइल सरळ रिसायकल बिनमध्ये, मला पत्ताच नाही, अर्धा तास शोधत बसलो. वर कंट्रोल+ऑल्ट+एस दाबलं की स्कॅनरचं सॉफ्टवेअर उघडतं आणि त्याच्या सेटिंगमध्ये तर हा शॉर्टकट कुठेच नाहीये. विंडोज ११ आहे. काय करू?

उंटावरचा शहाणा:
सगळे एका जागी हे विसरा. प्रत्येक सॉफ्टवेअर आपले शॉर्टकट आपणच बघतं, विंडोजकडे नोंद होते ती फक्त ग्लोबल हॉटकीची, म्हणजे समोर कुठलंही सॉफ्टवेअर उघडं असलं तरी चालणाऱ्या शॉर्टकटची. तिथे पहिला आला त्याची जागा, तीच की दुसऱ्याने मागितली तर नकार. स्कॅनरच्या डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, 'शॉर्टकट की' नावाची चौकट असते, तिथे नुसतं एक अक्षर दाबलं तरी विंडोज आपणहून कंट्रोल+ऑल्ट जोडतं.

बटणवेडी:
कंट्रोल+डी साठी पॉवरटॉइज घ्या, मायक्रोसॉफ्टचंच आहे, फुकट. त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये शॉर्टकट रीमॅप करताना, म्हणजे त्याचं काम बदलताना, कुठल्या अ‍ॅपपुरता ते सांगता येतं, तिथे एक्सप्लोररच्या प्रोसेसचं (चालू प्रोग्रामचं) नाव टाकून डिसेबल करा, एक्सेलमधलं जसंच्या तसं राहील. फक्त पॉवरटॉइज मागे चालू पाहिजे, आणि अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या प्रोग्राममध्ये हे चालत नाही, पॉवरटॉइजपण अ‍ॅडमिन म्हणून चालवलं तरच.

रात्रपाळी:
मी ऑटोहॉटकीवाला, म्हणजे स्वतःचे शॉर्टकट स्क्रिप्टमध्ये लिहून बनवायचं सॉफ्टवेअर वापरणारा. माझे सगळे शॉर्टकट एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहेत, तुम्हाला हवी ती 'एक जागा' म्हणजे हीच, पण जे तुम्ही लिहाल तेच तिथे दिसणार. नेटवरच्या जुन्या स्क्रिप्ट डोळे झाकून चिकटवू नका, डिसेंबर २०२२ मध्ये ऑटोहॉटकीची दुसरी आवृत्ती आली आणि लिहायची पद्धत बदलली. आणि कंट्रोल-ऑल्टच्या गर्दीत शिरूच नका, कॅप्स लॉक नाहीतरी पडूनच असतं, त्याच्या जोडीने स्वतःचे शॉर्टकट बनवा, सहसा कोणाशी भांडण होत नाही.

खटपट्या:
शहाणे, सापडलं हो! त्या चौकटीत खरंच एस होता, कधीतरी माझाच हात लागला असणार. बॅकस्पेस मारून काढला, बंद झालं. पॉवरटॉइज उतरवतोय, कॅप्स लॉकचं रविवारी बघू.