‘आर’ : हंगेरियन, आइसलँडिक आणि आयरिश

प्रश्न : रोमन ‘ए’वर तिरकी रेघ आणि पुढे ‘आर’ हे अक्षर, असा शब्द या तिन्ही भाषांत दिसतो. मूळ एकच आहे का?

उत्तर : नाही, सारखेपणा फक्त लिहिण्यापुरता. आइसलँडिकमध्ये तर उच्चारही ‘आउर’ होतो. तिथे अर्थ वर्ष. इंग्रजी ‘यिअर’ आणि जर्मन ‘यार’ याचेच सख्खे; नॉर्समध्ये, म्हणजे आइसलँडिकच्या पूर्वज भाषेत, सुरुवातीचा ‘य’ गळाला. जुन्या नॉर्समध्ये चांगल्या पीकपाण्यालाही हाच शब्द होता. वल्ह्यालाही ‘आउर’च म्हणतात, पण तो शब्द निराळा. ‘आउ’ म्हणजे नदी, तिचे अनेकवचनही ‘आउर’.

आयरिशमध्ये एक ‘आर’ म्हणजे ‘आमचा’, दुसरा म्हणजे संहार. 1740-41च्या कडाक्याच्या थंडीत तिथे बटाटे जमिनीतच गोठले आणि मोठा दुष्काळ पडला. 1741ला आयरिशमध्ये ‘ब्लीअन अन आइर’, म्हणजे संहाराचे वर्ष म्हणतात. यात वर्ष म्हणजे ‘ब्लीअन’; आइसलँडिकच्या आठवणीने ‘आइर’ला वर्ष समजाल तर फसाल.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हंगेरियन ‘आर’. त्याचा एक अर्थ पूर, तो बाजूला ठेवू. दुसरा किंमत. फिनिशमधला ‘आर्वो’ (मूल्य) त्याचा भाऊबंद, आणि दोघेही फार प्राचीन काळी इंडो-इराणी भाषा (संस्कृत आणि इराणी भाषांचे कुळ) बोलणाऱ्यांकडून घेतलेले. संस्कृतात तोच ‘अर्घ’. महार्घ, प्राकृत महग्घ, मराठी महाग! तिसरा अर्थ चामड्याला भोके पाडायचे टोकदार हत्यार. तोही तिकडूनच गेलेला. संस्कृत ‘आरा’, आपल्याकडे चांभाराची आरी. म्हणजे हंगेरियन ‘आर’चे युरोपातल्याच आयरिश-आइसलँडिक ‘आर’शी नाते नाही, आणि भाषा कुळाने परकी असूनही आपल्या शब्दांशी आहे. हे नाते रूपसाम्याने नाही, जुनी रूपे पायरीपायरीने लावून सापडते. म्हणूनच त्यावर भरवसा ठेवता येतो.

पुन्हा प्रश्न : मग सातबाऱ्यावरचा हेक्टर-आर?

उत्तर : त्याचा यांच्याशी संबंध नाही. तो फ्रान्सने 1795मध्ये ठरवलेल्या मापांतला, लॅटिन ‘आरेआ’वरून घडवलेला, 100 चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याहून किंचित कमी. हंगेरियनमध्येही हे माप ‘आर’च आहे, म्हणजे तिथे चौथा अर्थ झाला.