एमबीपीएस मधला 'बी' बिटचा की बाईटचा?

घरी १०० एमबीपीएसचं फायबर घेतलंय, पण मोठी फाईल उतरवताना ब्राउझरमधे आकडा ११-१२ च्या वर जातच नाही. कंपनी फसवतेय का? आणि मराठीत याला गती म्हणायचं, वेग की सरळ स्पीड?

— यावरून तरी फसवत नाहीये. प्लॅनमधला एमबीपीएसचा आकडा दर सेकंदाला किती मेगाबिट याचा असतो आणि ब्राउझर दाखवतो मेगाबाईट. बिट म्हणजे एक ० किंवा १, आणि ८ बिटचा १ बाईट, म्हणून १०० ला ८ ने भागलं की १२.५, आणि डेटाच्या प्रत्येक पॅकेटबरोबर (छोट्या तुकड्याबरोबर) पत्ता वगैरे माहितीही जाते त्यात थोडं खर्च होतं, उरतात साधारण पावणेबारा. इंग्रजीत बिटला स्मॉल बी आणि बाईटला कॅपिटल बी लिहितात त्यामुळे लक्ष देणाऱ्याला फरक कळतो, पण देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, दोन्हीचं 'एमबी' च होतं! म्हणून माझं ठाम मत आहे की मराठीत लिहिताना मेगाबिट किंवा मेगाबाईट असं पूर्णच लिहावं, बातम्यांमधे सुद्धा.

— बाईटबद्दल एक भर. हा शब्द १९५६ मधे आयबीएममधल्या वर्नर बुखहोल्त्झ यांनी काढला, मूळ इंग्रजी 'बाईट' म्हणजे घास, पण लिहिताना चुकून त्याचं 'बिट' होऊ नये म्हणून मुद्दाम स्पेलिंगमधे आय ऐवजी वाय घातला. आणि तेव्हा बाईट ८ बिटचाच असेल असं नव्हतं, ६ चेही असायचे, म्हणूनच नेटवर्कच्या जुन्या कागदपत्रांत नेमके ८ बिट सांगायचे असले की 'ऑक्टेट' म्हणतात.

— मग मेगा म्हणजे १०००चा वर्ग की १०२४चा?

— नेटच्या वेगात कायम १०००, म्हणजे १ मेगाबिट = १० लाख बिट. १०२४ची भानगड मेमरीची, विंडोजपण फाईलचा साईज तसाच मोजतं. हा घोळ मिटावा म्हणून १९९८ मधे आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने १०२४च्या मापांना किबी, मेबी अशी वेगळी नावं दिली पण बोलण्यात ती फारशी आली नाहीत.

— गती-वेगचं राहिलंच. शाळेच्या विज्ञानात स्पीडला चाल आणि व्हेलॉसिटीला वेग, पण 'इंटरनेटचा वेग' आता रुळलाय, तोच ठेवावा. मला जास्त खटकतं ते 'माझं ५० एमबीचं नेट आहे' हे, कारण त्यात 'दर सेकंदाला' गळून पडतं आणि रोजचा दीड जीबी डेटा नि वेग दोन्ही एकाच मापात बोलले जातात. एक आहे साठा, दुसरा प्रवाह. दीड गिगाबाईट म्हणजे १२ हजार मेगाबिट, ते १०० मेगाबिट दर सेकंद वेगाने हिशोबाने २ मिनिटांत संपतात.