हॉलिडेचे पहिले दहा सामने
बेसबॉलमध्ये पहिल्या दोन आठवड्यांत हिट (चेंडू टोलवून सुरक्षितपणे बेस गाठणे) मिळत नसतील, तर नवोदिताकडून अपेक्षाच सोडाव्यात, असे काहींचे मत असते; ते मला मान्य नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोर ओरिओल्स संघाच्या जॅक्सन हॉलिडेने एप्रिल २०२४ मध्ये पहिल्या दहा सामन्यांत ३४ अ‍ॅट-बॅटमध्ये (फलंदाजीच्या संधींत) केवळ २ हिट मिळवले, १८ वेळा तो स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला आणि संघाने त्याला नॉरफॉकच्या ट्रिपल-ए (मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च लीगच्या, एक पायरी खालच्या) संघात परत पाठवले, तेव्हा आम्हा चाहत्यांत अशीच निराशा पसरली होती. तो अवघा वीस वर्षांचा होता, त्यामुळे तो निर्णय मला तेव्हाही योग्यच वाटला. ३१ जुलैला तो परतला आणि टोरांटोविरुद्ध त्याचा मेजर लीगमधला पहिलाच होमरन (सगळे बेस पूर्ण करू देणारा फटका) ग्रँड स्लॅम ठरला, म्हणजे तिन्ही बेसवर सहकारी असताना मारलेला, एकदम चार धावा देणारा. त्या हंगामातली त्याची सरासरी शेवटपर्यंत कमीच राहिली, हेही खरे. परंतु वेगवान चेंडूंशी जुळवून घ्यायला तरुण बॅटरला महिने लागतात.