पावसाळ्यात माचा कसा टिकवावा? आणि कडू का लागतोय?

कोथरूडची_गच्ची:
बहिणीने जपानहून येताना माचाचा, म्हणजे हिरव्या चहाच्या बारीक पुडीचा, ३० ग्रॅमचा डबा आणला. जूनअखेर उघडला तेव्हा लख्ख पोपटी होता, मटार सोलताना येतो तसा कोवळा वास. छान दिसतो म्हणून काचेच्या बरणीत काढून ओट्यावरच्या फळीवर ठेवला. आता महिनाभरात रंग शेवाळी झालाय आणि गुठळ्या होतायत. पुण्याच्या या दमट हवेत तुम्ही कुठे ठेवता? फ्रिजमध्ये लसणाच्या चटणीचा वास लागेल अशी भीती वाटते. शिवाय पहिल्या दिवसापासूनच कडू लागत होता, म्हणजे माझं करण्यातही चुकतंय का? आईलाही प्यायचाय, तिला लोहाच्या गोळ्या चालू आहेत.

पेठेतली:
फ्रिजच. पण बरणी नको, मूळ डबाच वापरा. ओट्यावर तर मी साधा चहासुद्धा ठेवत नाही.

सकाळचा_वाफारा:
चार वर्षं रोज पितेय, आणि पहिला डबा मीही असाच घालवला होता.

माचाची पानं खुडण्याआधी साधारण तीन आठवडे झाडांवर आच्छादन घालतात. उन्हात पानातल्या गोडसर चव देणाऱ्या थिअॅनिनचं तुरट द्रव्यांत रूपांतर होतं, सावलीत हे रूपांतर कमी होतं. म्हणून ती गोडसर, भरीव चव टिकते आणि हरितद्रव्यही वाढतं. मग देठ-शिरा काढून दगडी जात्यावर दळतात. एका जात्यातून तासाला जेमतेम ३०-४० ग्रॅम पडतो, म्हणजे तुमचा डबा हे एका जात्याचं जवळजवळ तासाभराचं काम! इतक्या बारीक पिठाला हवा, उजेड, ऊब आणि ओल चारही बाधतात. गॅसजवळच्या काचेच्या बरणीत चारही मिळाले.

मी आठ-दहा दिवसांपुरता माचा लहान स्टीलच्या डबीत काढून अंधाऱ्या कपाटात ठेवते. उरलेला मूळ डबा घट्ट लावून, वर झिपची पिशवी घालून फ्रिजमध्ये आतल्या बाजूला. म्हणजे वास लागत नाही. महत्त्वाचं म्हणजे फ्रिजमधून काढल्यावर अर्धा तास तो उघडायचा नाही. गार ताकाच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच पाणी गार पावडरीवर धरतं. गुठळ्या त्यानेच होतात. उघडलेला डबा दीड-दोन महिन्यांत संपवा.

कडूपणाचं कारण बहुधा उकळतं पाणी. ७५-८० अंश पुरे. थर्मामीटर नसेल तर तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी माठातलं घाला, ८०च्या आसपास येतं. दोन ग्रॅम माचा, म्हणजे सपाट चहाचा चमचा, गाळणीतून चाळून घ्या, ७० मिली पाणी घाला आणि गोल न ढवळता पुढे-मागे भराभर घुसळा. वर बारीक फेस यायला हवा.

बांबूची_रवी:
चाळायला तुळशीबागेतली बारीक जाळीची गाळणी आणा. बांबूचा घुसळणा असेल तर वापरून झाल्यावर नुसत्या पाण्याने धुवून उघड्यावर उभा वाळवा, पावसाळ्यात बंद डब्यात ठेवलेल्या माझ्या घुसळण्याला बुरशी आली.

आणि चव बघायची तर आधी कोरा, दुधाशिवाय. चिमूटभर पांढऱ्या कागदावर बोटाने ओढा: ताजा हिरवागार रेघ सोडतो, जुना पिवळट. घोट गिळल्यावर आवळ्यानंतर पाणी प्यावं तसा गोडवा मागे राहिला तर माल चांगला. वाळक्या पेंढ्यासारखा लागला तर उतरलाय.

पेठेतली:
आईंच्या गोळीबद्दल: चहातली तुरट द्रव्यं लोह नीट शोषू देत नाहीत, तेव्हा गोळी आणि माचा यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा आणि डॉक्टरांनाही विचारा. यात पानच पोटात जातं, कॅफीनही चांगलंच असतं, संध्याकाळनंतर नको.

कोथरूडची_गच्ची:
तीनास एक करून पाहिलं. त्याच उतरलेल्या पावडरीचा कडूपणा निम्म्याने कमी झाला! कागदावरची रेघ मात्र पिवळटच. कुबट वास नाही, तेव्हा उरलेला चाळून रविवारी चक्क्यात घालते, श्रीखंडाला साखर थोडी जास्त लागेल. आईची गोळी सकाळची, डॉक्टर हो म्हणाले तर तिचा माचा दुपारी चारला. नव्या डब्यासाठी स्टीलची डबी आजच घासून उन्हात ठेवलीय, ऊन आहे तोवर.